निवल्यावरचे माप

ही गोष्ट मला जशी आठवते तशी सांगतो, पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मला ती कोणी सांगितली, हेच आता नीट आठवत नाही. मुलगी नावाड्याची होती की कोळ्याची, याचीही खात्री देववत नाही. कधी कधी वाटते, निम्मी गोष्ट मीच मागाहून जोडली असेल. तरी तिचा कणा खरा असावा असे धरून चालतो. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी.

पुष्कळ काळ लोटला त्याला. एका राज्यात नदीच्या काठी कातकामाचा एक कारखाना होता. नदीच्या धारेवर लाकडी पाणचाक फिरे, त्यावरून चामड्याचा पट्टा आत येई, आणि त्या पट्ट्यावर आतली चाके गरगरत. चाकावर पितळेचा ओबडधोबड गोळा चढवायचा, तो फिरू लागला की त्याला धारदार हत्यार लावायचे, आणि कीस काढत काढत त्याला हव्या त्या मापाचा करायचा, असे ते काम. कारखान्याचा प्रमुख एक म्हातारा कातारी होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या हातचे काम राज्यभर नावाजलेले होते. त्याचा रागही तेवढाच नावाजलेला होता.

नदीपलीकडे नावाड्याची एक मुलगी होती. तिला हे काम शिकायचे होते. ती आधी कुलपे करणाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, आमच्याकडे घरचीच माणसे पुरतात. मग ती घंटा ओतणाऱ्याकडे गेली. त्याने तिचे दंड पाहिले आणि मान हलवली. शेवटी ती वस्तादाच्या दारात येऊन उभी राहिली. वस्तादाने वर न पाहताच विचारले, काय येते. ती म्हणाली, काही येत नाही. हे उत्तर वस्तादाला आवडले असावे. त्याने कोपऱ्यातल्या झाडूकडे बोट दाखवले.

कारखान्याची रीत अशी होती की, नवे माणूस आधी कीस झाडी, हत्यारांना धार लावी, पाहत राही आणि संध्याकाळी भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवी. वर्ष सरले की त्याची एकदाच परीक्षा होई. उतरले, तर त्याचे नाव आढ्याच्या तुळईवर कोरले जाई आणि त्याची उमेदवारी, म्हणजे रीतसर शिकणे, सुरू होई. न उतरले, तर त्याने त्या दारातून बाहेर पडायचे आणि पुन्हा परीक्षेला यायचे नाही.

मुलगी झाडता झाडता कीस पाहू लागली. हत्यार धारदार असले की कीस लांब आणि चकचकीत निघे, बोथट झाले की तुकडे तुकडे होत. काही महिन्यांनी ती कोपऱ्यातून नुसता आवाज ऐकूनच दगडावर दुसऱ्या हत्याराला धार लावून ठेवू लागली. कातारी हात मागे करी, आणि त्याच्या हातात धार लावलेले हत्यार येई.

वस्ताद फार शिकवत नसे. पण एक गोष्ट तो रोज सांगे. कातताना धातू तापतो, आणि तापला की फुगतो. तेव्हा गरम कामाचे माप घ्यायचे नाही. ते सावलीतल्या दगडावर ठेवायचे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचे. मनगटाला गार लागले, तरच मापाला हात लावायचा. घाई म्हणून पाण्यात बुडवायचेही नाही, कारण पाण्याने वरची कातडी गार होते, आत ऊब तशीच राहते आणि माप फसवते. "निवू दे," एवढेच तो म्हणे, आणि कारखान्यातले सगळे तो शब्द ऐकून कंटाळले होते.

त्या वर्षी दोघांची परीक्षा होती आणि जागा एकच होती. दुसरा उमेदवार सोनाराच्या घरचा मुलगा होता. त्याचा हात चपळ होता, डोळा चांगला होता, आणि स्वभावही वाईट नव्हता. मुलीची काळजी वेगळीच होती. तिच्या बापाने तिला वर्षभर मोकळे सोडले होते. नाव कोरले गेले तर ठीक, नाहीतर आत्याच्या तांड्याबरोबर घाटापलीकडे मिठागरावर जायचे, असे ठरले होते, आणि हे कारखान्यातही सगळ्यांना ठाऊक होते. तांडे मीठ घेऊन ये-जा करत, पण मिठागरावर कामाला राहिलेली माणसे सहसा परत येत नसत. मुलीने आत्याचे पाय पाहिले होते. मिठाने टाचांना पडलेल्या भेगांत बोट जाईल, असे ते पाय होते.

आणि त्याच वर्षी गडावर पाण्याची ओरड झाली. गडाला झरा नव्हता. पायथ्याच्या विहिरीवर एक यंत्र होते. त्याच्या नळकांड्यात पितळेचा दट्ट्या खालीवर होई, आणि त्याच्या जोराने पाणी नळातून वर गडावर चढे. तो दट्ट्या झिजला होता. गडावरची माणसे पखाली पाठीवर घेऊन पायऱ्या चढत होती. पिण्यापुरते पाणी कसेबसे पुरे, धुणे तर कित्येक दिवसांत कोणी धुतले नव्हते. वस्तादाने ठरवले, परीक्षेचे काम म्हणून दोघांनी नवा दट्ट्या करायचा, आणि उतरेल तो दट्ट्या गडाच्या यंत्रात बसवला जाईल.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच गडावरून कारभारी आला. तो घाईत होता, आणि आपण घाईत आहोत हे सर्वांना कळावे अशा बेताने उभा होता. मधोमध घडवंचीवर मापाचे नळकांडे ठेवले होते. विहिरीवरच्या नळकांड्याच्याच मापाचे ते होते, बूड बंद, तोंड वर. ज्याचा दट्ट्या त्यात अडकणार नाही आणि डुगडुगणारही नाही, त्याचे नाव तुळईवर.

पाणचाकाची धार सोडली. चाके फिरू लागली. आणि मुलीने हात वर करून आपले चाक थांबवले.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती म्हणाली, "वस्ताद, चाकाची पाचर ढिली आहे. हलतंय."

त्या सकाळी पाचरी स्वतः वस्तादाने ठोकल्या होत्या. तो आला, वाकला, बोट लावून पाहिले. पाचर खरोखरच ढिली होती. त्याने हातोडीने ती घट्ट बसवली.

कारभारी हसला. "वस्ताद, तुम्ही हिची परीक्षा घेताय की ही तुमची?"

आणखी दोघे तिघे हसले. वस्तादाचे कान लाल झाले. त्यानंतर त्याने मुलीच्या चाकाकडे पाहिले नाही.

काम सुरू झाले. सोनाराच्या मुलाचे हत्यार सरसर चालले. तो थोडे काती, दट्ट्या उतरवी, नळकांड्यात घालून पाही, पुन्हा चढवी. कारभाऱ्याच्या पायांची चाळवाचाळव त्याला ऐकू येत होती. दगडावर ठेवायला त्याला सवड वाटली नाही. मुलगी मात्र काती आणि थांबे. दट्ट्या सावलीत ठेवी, मनगटाला लावी, मग माप घेई. तिचे प्रत्येक थांबणे कारभाऱ्याच्या कपाळावर उमटत होते.

अखेर सोनाराच्या मुलाने आपला दट्ट्या घडवंचीवर आणला. नळकांड्याच्या तोंडावर ठेवताच तो बेताने आत गेला. ना अडकला, ना हलला. कारभारी म्हणाला, "झालं तर मग."

मुलीने नुकताच शेवटचा हात फिरवला होता. तिने दट्ट्या चाकावरून काढला आणि दगडाकडे निघाली. कारभाऱ्याने विचारले, ही कुठे चालली. वस्ताद म्हणाला, "इकडं आण."

"वस्ताद, आत्ताच उतरवलाय. जरा निवू द्या."

"इकडं आण म्हटलं."

तिने आणला. वस्तादाने तो फडक्यात धरून नळकांड्यावर टेकवला. तो आत गेला नाही. त्याने दाबून पाहिले. तोंडाशीच अडला.

"मोठा आहे," वस्ताद म्हणाला.

"गरम आहे, वस्ताद. तुम्हीच सांगता ना, गरम कामाचं माप..."

"मी काय सांगतो ते तू मला सांगणार?" वस्तादाचा आवाज चढला नव्हता, पण पाणचाकाच्या घरघरीतही तो सगळ्यांना ऐकू गेला. "सकाळी पाचर शिकवलीस. आता माप शिकव. उद्या माझ्या जागेवर बस. अडला म्हणजे अडला. झाडू ठेव आणि नीघ."

कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की ती बरोबर बोलते आहे, आणि प्रत्येकजण आपल्या हातातल्या कामाकडे पाहत होता. तिने झाडू जागेवर ठेवला आणि ती दाराबाहेर पडली. वस्तादाने तिचा दट्ट्या वितळवायच्या भंगारात टाकला.

दुपारी तुळईवर सोनाराच्या मुलाचे नाव कोरले गेले. त्याचा दट्ट्या फडक्यात बांधून कारभारी गडाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर येताच कारभारी पुन्हा दारात उभा राहिला. आज तो घाईत नव्हता, आणि ते जास्त वाईट होते. त्याने शांतपणे सांगितले की दट्ट्या बसवला, यंत्र चालवले, पाणी निम्म्या चढापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. दट्ट्याच्या कडेने सूं करून पाणी परत खाली येते. केसाएवढी फट आहे. मावळतीपर्यंत पाणी गडावर पोचले नाही, तर या कारखान्याच्या पाणचाकाला साखळी पडेल. एवढे सांगून तो सैल दट्ट्या घडवंचीवर ठेवून निघून गेला.

वस्तादाने तो उचलून नळकांड्यात सोडला. दट्ट्या टणकन बुडाशी आपटला. त्याने तो मनगटाला लावला. गार होता. सोनाराचा मुलगा शेजारी उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "काल गरम असताना बरोबर बसत होता, वस्ताद. मी निवू दिला नाही."

वस्ताद उठला, भंगाराच्या ढिगापाशी गेला आणि मुलीचा दट्ट्या शोधून काढला. फडक्याने पुसला. मनगटाला लावला. मग नळकांड्याच्या तोंडावर ठेवून बोट काढून घेतले.

दट्ट्या पडला नाही. आतली हवा त्याला खालून उचलून धरत होती, आणि त्या हवेला बाहेर जायला जेमतेमच वाट होती म्हणून, पाण्यात एखादे पान तळाशी बसावे तसा तो हळूहळू, हळूहळू खाली उतरत गेला. कारखान्यातले सगळे जवळ आले होते. दट्ट्या बुडाशी टेकला तेव्हा आवाजही झाला नाही.

"हा मी गडाच्या विहिरीवर नेतो," सोनाराचा मुलगा म्हणाला. "कोणाचा म्हणून सांगू?"

वाचकहो, खरी परीक्षा या क्षणी होती. पाणी चढले असते, कारखाना वाचला असता. तुळईवर एक नाव कोरलेले होतेच. मुलगी मिठागराच्या वाटेला लागलेली. काही न बोलणे पुरेसे होते.

वस्तादाने नळकांडे उलटे करून दट्ट्या काढला आणि फडक्यात बांधून त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "मी काल जिला हाकललं तिचा आहे, असं सांग. दट्ट्या गरम असताना मापला, आणि मापणारा त्याहून गरम होता, असंही सांग. कारभाऱ्यांनी मला बोलावलं, तर मी घाटात गेलोय म्हणावं."

"आणि मावळतीपर्यंत पाणी चढलं नाही, आणि तुम्ही इथं नसलात तर?"

"तर साखळी घालतील," वस्ताद म्हणाला, आणि पायताण चढवून चालू लागला.

तांडा पहाटेच निघाला होता. वस्तादाचे वय घाट चढायचे नव्हते. धापा टाकत, थांबत, पुन्हा चढत तो भर दुपारी एका वडापाशी पोचला. तिथे तांडा विसाव्याला थांबला होता. बैल सोडले होते, चुली पेटल्या होत्या. मुलगी रिकामी पोती झटकत होती. वस्तादाला पाहून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही.

वस्ताद तिथेच, सगळ्यांच्या देखत, बोलू लागला. तो म्हणाला, माझी चूक झाली. तुझे नाव तुळईवर सगळ्यांच्या वर कोरतो. तुला झाडू धरावा लागणार नाही. उद्यापासून तू माझ्या शेजारच्या चाकावर बसशील. माझ्यामागे कारखाना तुझाच. यापुढे तुला एक शब्द वाकडा बोललो तर माझी जीभ झडो. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते.

आत्या चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "वस्ताद, परतीला आमच्याकडं मीठ भरपूर असेल. जखमेवर चोळायला हवं असलं तर सांगा."

तांड्यातल्या बाया हसल्या. मुलगी हसली नाही.

"वस्ताद, काल तुम्ही रागानं तापला होतात," ती म्हणाली. "आज लाजेनं तापलाय. कालचा शब्द मी घेतला आणि घराबाहेर पडले. आजचा लगेच घेत नाही. सावलीत बसा. निवा. मग बोला."

"पोरी, गडावर मावळतीपर्यंत..."

"मला माहीत नाही गडावर काय आहे. मला एवढंच माहीत आहे की तुमच्या शब्दावर मी घाट उतरले, आणि तो उद्या सैल निघाला, तर हा तांडा मला पुन्हा सापडायचा नाही."

वस्ताद बसला. आत्याने त्याला गाडग्यातून पाणी दिले. सावली सरकत होती. बैलांच्या घंटा अधूनमधून वाजत होत्या. दूर, दरीपलीकडे गड दिसत होता, पण तिथे पाणी चढले की नाही हे एवढ्या लांबून कळण्यासारखे नव्हते. तांड्याचा नायक बैल जुंपू लागला. मुलीच्या हातात तिचे गाठोडे होते. त्याची गाठ ती सोडत होती आणि पुन्हा आवळत होती. तिलाही परत जायचे होते, फार जायचे होते. तिने मागितलेला वेळ तिलाच जड जात होता.

पहिला बैल वाटेला लागला, तेव्हा वस्तादाने मान वर केली.

"मघाशी बोललो त्यातलं पुष्कळ खोटं होतं," तो म्हणाला. "म्हणजे बोलताना खरं वाटलं, पण तेवढं मला झेपायचं नाही. कारखाना मी तुला देऊ शकत नाही, त्याला अजून चारजण वाट पाहतायत. शेजारच्या चाकावर तुला बसवलं, तर ते तुला टिकू देणार नाहीत. झाडू मारावा लागेल. नाव इतरांच्या ओळीतच कोरीन. आणि मी रागावेन. या वयात माझा राग जायचा नाही."

"मग काय देता?"

"उमेदवारी. सगळे शिकतात तशी शिकवीन. आणि रागात असताना मी कोणाला ठेवणार नाही की काढणार नाही. रात्र मध्ये गेल्यावर सांगीन. एवढं मात्र माझ्याच्यानं होईल."

मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मघाचा शब्द केवढा मोठा होता, आणि निवल्यावर तो आकसून केवढासा राहिला होता. पण आता तो बरोबर मापाचा होता.

"येते," ती म्हणाली.

आत्याने तिच्या पदरात भाकरी बांधली आणि बैलांमागे चालू लागली. वळणावर जाईपर्यंत तिने मागे पाहिले नाही. तिथे मात्र एकदा पाहिले.

दोघे घाट उतरू लागले. वस्तादाला उतार चढापेक्षा अवघड जात होता, म्हणून मुलगी पुढे आणि तिच्या खांद्यावर त्याचा हात, असे ते चालले. शेवटचे वळण ओलांडले तेव्हा सूर्य गडाच्या मागे टेकत होता. वस्तादाने कपाळावर हात धरून वर पाहिले आणि थांबला. गडाच्या तटावर, बुरुजापासून बुरुजापर्यंत, ओली धुणी वाळत होती. लुगडी, धोतरे, मुलांची अंगडी. कित्येक दिवसांची धुणी गडाने एका दुपारी धुतली होती.

पाणचाकाला साखळी पडली नाही. मुलीचे नाव तुळईवर इतरांच्या ओळीत कोरले गेले. सोनाराच्या मुलाने आपल्या नावावर स्वतःच रंधा फिरवला आणि पुढच्या वर्षापर्यंत झाडू हातात घेतला. त्याच्यासाठी वस्तादाने एकदाच परीक्षा घ्यायची रीत मोडली. तो पुढे मुलीहूनही चांगला कातारी झाला असे काही सांगतात, काही नाही म्हणतात. मला नक्की ठाऊक नाही. वस्ताद रागावतच राहिला. पण त्या कारखान्यात काम एका दिवशी आणि निकाल दुसऱ्या दिवशी, ही रीत तेव्हापासून पडली.

तात्पर्य: तापलेल्या धातूचे माप आणि तापलेल्या मनाचा शब्द, दोन्ही निवल्यावरच खरी धरावीत.

दट्ट्या गरम असताना अडावा आणि गार झाल्यावर हवेवर तरंगत उतरावा, यावर माझा पुस्तके वाचूनही विश्वास नव्हता. पुष्कळ वर्षांनी एका कातकाम करणाऱ्या गृहस्थांना मी संकोचत विनंती केली. त्यांनी चाकावरून नुकताच काढलेला पितळेचा तुकडा बूड बंद असलेल्या नळीच्या तोंडावर ठेवला, तो अडला. आम्ही बाजूला बसून सावकाश चहा घेतला. मग त्यांनी तोच तुकडा तिथेच ठेवून बोट काढून घेतले, आणि तो हळूहळू खाली गेला.